‘ऑफ’चे घराणे

इंग्रजीची पहिली पुस्तके हाती पडताच मराठी मुलाला जी थोडी सूत्रे मुखोद्गत करावी लागतात, त्यांत ‘ऑफ म्हणजे चा, ची, चे’ हे एक असते. आणि टेबलाचे पाय, गावाचा नकाशा, पाण्याचा पेला असे काहीही इंग्रजीत मांडावयाचे झाले की तो मुलगा नामांची उलटापालट करून, मधल्या जागी हा एवढासा शब्द बसवून मोकळा होतो. सूत्र कामापुरते बिनचूक आहे. आमचा ‘चा’ पुढच्या नामाचे लिंगवचन पाहून रूप पालटतो आणि इंग्रजी ‘ऑफ’ कोणाचीच भीडमुर्वत न ठेवता आहे तसा राहतो, एवढा फरक कोणीही जाणता मास्तर सांगतो. सहसा सांगितले जात नाही ते असे की, दोन नामांना एकत्र बांधण्याचा मक्ता आज ज्याच्याकडे आहे तो हा शब्द मूळचा वियोगवाचक असून ‘पासून दूर’ एवढाच त्याचा जन्मसिद्ध अर्थ होता.

त्याचे कूळ थोर आहे आणि आपल्याला परकेही नाही. लॅटिनमधील ‘आब’, ग्रीकमधील ‘आपो’ आणि संस्कृतातील ‘अप’ ही त्याचीच भावंडे; ‘अपहरण’, ‘अपसरण’, ‘अपनयन’ या शब्दांत जे दूर नेणे वा दूर सरणे आहे, तेच ‘ऑफ’च्याही पोटात आहे. संस्कृतात ‘अप’ बहुधा क्रियापदाला चिकटून उपसर्ग म्हणून वावरतो. तथापि नामाशी थेट नाते जोडण्याची त्याची जुनी वहिवाट पाणिनीच्या नजरेतून सुटलेली नाही. क्रियापदापासून सुटून नामावर अंमल चालवणाऱ्या अशा अव्ययांना त्याने ‘कर्मप्रवचनीय’ ही संज्ञा दिली, वर्जनाच्या अर्थी ‘अप’ला त्यांत स्थान दिले, आणि त्याच्या योगाने नामाची पंचमी होते असे नमूद केले, त्रिगर्त देश वगळून इतरत्र पाऊस पडला, असे याचे उदाहरण टीकाकार देतात. इंग्रजीतील ‘प्रेपोझिशन’ला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो खरे, परंतु आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून, त्याच्या सामान्यरूपाला धरून येतात, आणि इंग्रजीतील नामाच्या आधी स्वतंत्रपणे उभी राहतात, तेव्हा साम्यच पाहावयाचे तर पाणिनीची संज्ञा त्यांना अधिक शोभली असती. ती उच्चाराला जड आहे, एवढीच तिच्याविरुद्ध तक्रार.

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आदी जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरल्या, त्या वेळी त्यांच्या भाषेला नामे जोडण्यासाठी ‘ऑफ’ची गरजच नव्हती. संस्कृताप्रमाणे तीही प्रत्ययांवर चालणारी भाषा होती. दगडाला तीत ‘स्तान’ म्हणत; दगडाचा म्हणावयाचे तर ‘स्तानेस’, दगडाला ‘स्ताने’, अनेक दगड ‘स्तानास’, दगडांचा ‘स्ताना’ आणि दगडांना ‘स्तानुम’. कोण कोणाचा, कोणी कोणाला काय दिले, हा सारा हिशेब शब्दाच्या शेपटाशीच मांडलेला असल्यामुळे वाक्यात शब्द पुढेमागे झाले तरी बिघडत नसे. ‘ऑफ’ या कारभारात होता, पण निराळ्या खात्यावर: घोडेस्वार नगरातून निघाला, पाणी खडकातून आले, कोणी निद्रेतून उठला, अशा ठिकाणी तो चतुर्थीसारख्या रूपाच्या नामाआधी येई आणि वियोग दाखवी. मठांतील पंडित लॅटिन ग्रंथांचे भाषांतर करू लागले तेव्हा ‘आब’, ‘एक्स’ आणि ‘दे’ या तिन्ही लॅटिन शब्दांसाठी त्यांना हाच एक शब्द जवळचा वाटला, आणि त्याच्या पदरी थोडे अधिक काम पडू लागले.

पुढे जे घडले त्याला भाषेच्या घरातील वाटणीच म्हणावे लागेल. इंग्रजीत शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात देण्याची रीत असल्याने शेवटचे स्वर आधीच क्षीण झालेले होते. त्यात नवव्या शतकात उत्तर व पूर्व इंग्लंडात डेन लोक वस्तीला आले, त्यांच्या भाषेतील धातू आणि नामे इंग्रजीशी जुळती पण प्रत्यय निराळे, आणि शेजारधर्माच्या रोजच्या व्यवहारात दोघांनीही शब्दांची मुळे धरून ठेवली व शेपटे गिळून टाकली, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. पीटरबरो येथील मठात ११५४ पर्यंत जी बखर लिहिली जात होती, तिच्या शेवटच्या पानांत ही पडझड उघड दिसते. जुन्या व्याकरणाचा डौल तेथे राहिलेला नाही. ‘स्तान’च्या सहा रूपांपैकी अखेर दोनच उरली, एक ‘स्टोन’ आणि दुसरे ‘स्टोन्स’. आणि या दुसऱ्यावर दगडाचा, अनेक दगड आणि दगडांचा असा तिहेरी भार पडला. आज कागदावर त्यांना स्वल्पविरामासारखे एक चिन्ह निरनिराळ्या जागी टांगून वेगळे केले जाते, पण कानाला अजूनही तिन्ही एकच ऐकू येतात.

षष्ठीची मिळकत अशी बेवारस झाल्यावर ती ‘ऑफ’कडेच का जावी? याचे एक कारण त्याच्या मूळ अर्थातच दडलेले आहे. जो माणूस साताऱ्याहून आला तो साताऱ्याचा. जो गूळ कोल्हापुराहून आला तो कोल्हापूरचा. निघण्याचे ठिकाण हेच पुढे मालकीचे ठिकाण होते, आणि अपादानातून संबंध उत्पन्न होण्यास फारसा खटाटोप लागत नाही. संस्कृतात तर पंचमी व षष्ठी यांची एकवचने अकारान्त नामे वगळली तर सर्रास एकच आहेत. ‘कवेः’ म्हणजे कवीपासूनही आणि कवीचाही, ‘नद्याः’ची तीच गत. लंडनहून आलेला इसम लंडनचा इसम होणे, हे म्हणून इंग्रजीपुरते नवल नव्हे.

दुसरे कारण राजकीय. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि त्यानंतर सुमारे तीन शतके दरबार, न्यायासन व जमीनमहसूल यांत फ्रेंच भाषेचा वरचष्मा राहिला. त्या फ्रेंचमध्ये नामे जोडण्याचे काम ‘द’ हा शब्द करीत असे. हाही लॅटिन ‘दे’चा, म्हणजे मूळच्या ‘पासून, खाली’ या अर्थाचा वारस, लॅटिनची षष्ठी नामशेष झाल्यावर तिच्या गादीवर बसलेला. फ्रेंच मजकूर इंग्रजीत उतरवणाऱ्या कारकुनाला ‘द’ दिसला की ‘ऑफ’ लिहावा, हे ओघानेच आले. जुन्या लिखाणांची मोजदाद करणाऱ्यांचे आकडे येथे बोलके आहेत: दहाव्या शतकाच्या आसपास षष्ठीच्या अर्थाच्या रचनांत ‘ऑफ’चा वाटा शेकडा १ च्या घरात होता, तो तेराव्या शतकात शेकडा ३१ च्या आसपास आणि चौदाव्यात शेकडा ८४ च्या आसपास पोहोचला. एवढे सत्तांतर भाषेत शंभर-दोनशे वर्षांत क्वचितच होते.

तरीही जुना प्रत्यय अगदी बरतर्फ झाला नाही. माणसे, देव आणि पाळीव जनावरे यांच्या मालकीपुरता तो ‘स’च्या रूपाने शिल्लक राहिला, टेबलाच्या पायांना आणि घराच्या छपराला मात्र इंग्रज बहुधा ‘ऑफ’च लावतो. दोघांत सरहद्दीचे तंटे पुष्कळ झाले. चॉसरच्या बाथगावच्या बाईची गोष्ट आज आपण ज्या क्रमाने म्हणतो त्या क्रमाने जुन्या हस्तलिखितातील मथळा नाही. तेथे ‘बाईची गोष्ट बाथची’ अशी मांडणी आहे, कारण त्या काळी ‘स’ फक्त ज्या नामाचा त्यालाच चिकटू शके. पुढे त्याला संपूर्ण पदसमूहाच्या टोकाशी जाऊन बसण्याची मुभा मिळाली, आणि ‘इंग्लंडच्या राजाची मुलगी’ म्हणताना राजाचा प्रत्यय इंग्लंडला लावण्याची विक्षिप्त प्रथा रूढ झाली.

इतके दिवस ‘पासून दूर’ आणि ‘चा’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या संसारात नांदत होते. आघात देऊन उच्चारला तर त्याचा ‘फ’ शाबूत राही, घाईत बोलला तर तो ‘व्ह’ होई. सतराव्या शतकात या दोन उच्चारांना निरनिराळी वर्णरूपे मिळून एकाच्या अंती एक आणि दुसऱ्याच्या अंती दोन ‘एफ’ आले, आणि भावांनी चुली वेगळ्या केल्या. दिवा बंद करताना किंवा बसमधून उतरताना लागतो तो थोरला भाऊ, वियोगाचे वतन सांभाळणारा. आपण मराठीत दोघांनाही ‘ऑफ’च लिहितो आणि म्हणतो, बँक ऑफ महाराष्ट्रच्या पाटीवरही तेच आणि विजेच्या बटणाखालीही तेच. इंग्रजी उच्चारांचे शिक्षक याबद्दल नाक मुरडतात, पण इतिहासाच्या दृष्टीने चूक आपल्या पदरी फारशी येत नाही.

धाकट्यालाही आपले पूर्वायुष्य सर्वस्वी विसरता आलेले नाही. रोगातून बरे होणे, कोणाची चीजवस्तू लुबाडणे, एखाद्या पीडेपासून सुटका मिळवणे, अमक्या गावाच्या उत्तरेस असणे, या सर्व ठिकाणी इंग्रजीत तोच येतो आणि ‘पासून’ याच अर्थाने येतो. १६११ च्या बायबलाच्या भाषांतरात कर्मणी प्रयोगातील कर्ताही पुष्कळदा त्यानेच दाखवलेला आढळतो, जेथे आज ‘बाय’ वापरतात. कृत्य ज्याच्यापासून निघाले तो कर्ता, असा त्यामागचा हिशेब. घड्याळाच्या ‘ओ’क्लॉक’मधील ‘ओ’ म्हणजे झिजून एका स्वरापुरता उरलेला हाच गृहस्थ.

आपल्याकडे तो प्रथम आला तो कंपनी सरकारच्या दप्तरांतून. मराठी दप्तराला नामे जोडणारे परके शब्द नवे नव्हते. फारसी ‘दिवाण-इ-आम’मधील ‘इ’ हेच काम करीत होता, आणि ‘अज’ म्हणजे ‘पासून’ हा फारसी शब्द तर सरकारी पत्रांच्या मायन्यातच बसलेला होता. कोर्ट ऑफ वॉर्ड्स, पॉवर ऑफ अटर्नी अशा जोडशब्दांतून ‘ऑफ’ सबंधच्या सबंध मराठीत शिरला. कुलमुखत्यारपत्र हा चांगला शब्द हाताशी असताना मामलेदार कचेरीबाहेरचा दस्तलेखक आजही ‘पॉवर ऑफ अटर्नी’च म्हणतो, आणि त्यातला ‘ऑफ’ काढून तेथे ‘चा’ घालण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशांत मात्र त्याने अलीकडे आणखी एका घरात पाऊल टाकले आहे. ‘करता आले असते’ या अर्थाच्या रचनेतील ‘हॅव’ हे सहायक क्रियापद बोलताना इतके आखडते की त्याचा उच्चार आघातहीन ‘ऑफ’सारखा होतो, आणि शाळकरी मुलेच नव्हे तर मोठी माणसेही पत्रांतून तेथे खुशाल ‘ऑफ’ लिहितात. मास्तर तो शब्द तांबड्या शाईने खोडतात. पुढच्या निबंधात तो पुन्हा हजर असतो.