आधी लिहा, मग उत्तर बघा

परवा भाचीने बीजगणिताच्या सरावसंचाचा फोटो काढला, चॅटजीपीटीला दिला आणि आलेली उत्तरं दहा मिनिटांत वहीत उतरवली. "मामा, सगळी बरोबर आहेत," म्हणाली. रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऑफिसात दिवसभर मीही तेच करतो.

शिकवणाऱ्या यंत्राचं स्वप्न मात्र चॅटजीपीटीहून बरंच जुनं आहे. १९२० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने टाइपरायटरसारखं दिसणारं यंत्र बनवलं. छोट्या खिडकीत प्रश्न दिसायचा आणि चार कळांपैकी एक दाबायची. हवं तर अशीही सोय होती, की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येणारच नाही. मग जागतिक मंदी आली. यंत्र विकत घेणारं कुणी नव्हतं. १९३२ मध्ये प्रेसीने या कामाचा निरोप घेतला.

पुढचा माणूस बी. एफ. स्किनर. नोव्हेंबर १९५३ मध्ये तो पालक म्हणून मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसला. गणिताचा तास चालू होता. काही मुलांचं कधीच सोडवून झालं होतं, काही अडकून पडली होती आणि आपलं चूक की बरोबर, हे सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कळणार होतं. स्किनर घरी गेला आणि यंत्र बनवायला बसला.

या यंत्रात पर्याय नव्हते. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः कागदावर लिहायचं, मग दांडा सरकवायचा. लिहिलेलं पारदर्शक झाकणाखाली जायचं आणि तेव्हाच बरोबर उत्तर उघडं व्हायचं. म्हणजे खाडाखोड करायची सोयच नाही! इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार आवडतं. शिस्त उपदेशात नव्हती, दांड्यात होती.

तरी हे यंत्र टिकलं नाही. बारीक बारीक पायऱ्यांना मुलं कंटाळत आणि उत्तर का चुकलं, हे यंत्राला सांगता येत नसे. साठचं दशक संपेपर्यंत लाट ओसरली.

१९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी एक दावा मांडला: ज्याला एकट्याला शिकवणारा शिक्षक मिळतो, असा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. आकडा फुगलेला आहे, असं पुढे अनेकांनी म्हटलं. पण साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यांना त्यातलं खरं काय ते ठाऊक आहे. क्लासची फी न परवडणाऱ्या घरात, रात्री अकरालाही न वैतागता चौथ्यांदा समजावणारं कुणीतरी फोनमध्ये असणं ही छोटी गोष्ट नाही. जे स्किनरला जमलं नाही, ते एआयला जमतं. चूक का झाली, ते सांगता येतं. क्वचित तेही ठामपणे चुकीचं सांगतं, हा भाग वेगळा.

फक्त या प्रवासात तो दांडा गळून पडला. आता उत्तर आधी येतं.

त्याची किंमत मोजलीही गेली आहे. तुर्कस्तानात जवळपास हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. साधं चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असलेल्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचा एआय उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

म्हणजे एआय तोच, फरक फक्त क्रमाचा. शाळांमध्ये एआय हवा की नको, यावर आपण तावातावाने भांडतो. दांडा कुणी बसवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

काल भाचीला म्हटलं, आधी तू सोडव, मग तुझ्या वहीचा फोटो काढ आणि विचार, "कुठे चुकलं? उत्तर सांगू नकोस." ती वैतागली. वीस मिनिटं गेली. तिसऱ्या पायरीत वजाचं चिन्ह राहिलं होतं. ते तिला फोटो काढायच्या आधीच सापडलं.