कट्ट्याची पायरी

आमच्या गावाचं नाव कट्टा. तालुका मालवण, कसालहून मालवणला जाताना लागतं. पुण्यात नाव सांगितलं की लोक हमखास विचारतात, "कुठला कट्टा? कॉलेजचा?" कट्टा म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेली बसायची जागा. मी गेली नऊ वर्षं व्हीलचेअरवर आहे. थोडक्यात काय, तर माझ्या गावाच्या नावातच पायरी आहे :) तेव्हा या रविवारी थोडा इतिहास, खुर्चीचा आणि पायरीचा.

आधी खुर्ची. न्यूरेंबर्गच्या श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीने १६५५ साली स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. त्याला चालता येत नव्हतं. हाताने दांडा फिरवायचा, दातेरी चाकं फिरायची आणि गाडी पुढे जायची. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल ही तिचीच लांबची नातेवाईक. पुढे १९३३ साली अमेरिकेत हॅरी जेनिंग्ज या इंजिनियरने आपला मित्र हर्बर्ट एव्हरेस्ट याच्यासाठी घडी होणारी लोखंडी नळ्यांची खुर्ची केली. एव्हरेस्टची पाठ खाणीतल्या अपघातात मोडली होती आणि त्याला खुर्ची मोटारीत टाकून न्यायची होती. आज माझ्या गाडीच्या डिकीत जी खुर्ची मावते तिचं मूळ तिथे आहे. गंमत बघा, दोन्ही वेळा ज्याला खुर्ची हवी होती तो स्वतः कारागिरीत होता, नाहीतर कारागिराचा दोस्त तरी होता. बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांना माणसं लागतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहले आणि पॅरालिंपिकमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक घेऊन आले. 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे २०२४ पासून ते सगळ्यांना माहीत झाले. पण पदक मिळवणं हा एका माणसाचा पराक्रम. रोज संडासला जाणं, ऑफिसला पोचणं, पोट भरणं हा पराक्रम असू नये, ती सोय असावी. हे आपल्याकडे रोखठोक करून दाखवलं नसीमा हुरजूक यांनी. ऐन तरुण वयात पाय गेले, स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाणांची भेट झाली आणि आयुष्याला वळण लागलं. १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापूरला 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची'. आणि आमच्या शेजारच्या कुडाळ तालुक्यात मोरे गावी त्यांच्या संस्थेची 'स्वप्ननगरी' आहे, काजू प्रक्रियेची. कोकणातला माणूस हे ऐकून लगेच मान डोलावेल. काजूगर सोलणं, अख्खा, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करणं ही कामं आमच्याकडे सगळेच बसून करतात. म्हणजे तिथे खुर्चीतला माणूस वेगळा उरतच नाही!

आता पायरी. कोकणातलं घर उंच जोत्यावर का? कारण पाऊस. चार महिने खळ्यातून पाणी वाहतं, चिऱ्याची भिंत ओल धरते, वर साप-विंचू. जोतं उंच हवंच. आमच्या भाषेत बोलायचं तर डिझाइन उत्तम होतं, फक्त रिक्वायरमेंट लिहिताना आजोबांनी युजर एकच धरला, गुडघे शाबूत असलेला. त्याच घरात पुढे आजीचे गुडघे गेले तेव्हा तिने खळ्यात उतरणंच सोडलं. शेवटची सहा वर्षं तिने तुळस लोट्यावरूनच बघितली. कोणालाच ती अडचण वाटली नाही, वय झालं म्हणून सोडून दिलं. माझं वय झालेलं नव्हतं, म्हणून प्रश्न पडला. एवढाच फरक.

गणित सोपं आहे. रॅम्पचा उतार एकास बारा. म्हणजे जितके इंच उंची, तितके फूट रॅम्प. आमचं जोतं तीस इंच, म्हणजे तीस फूट. गवंडी म्हणाला, "धा फुटात बसयतंय, स्कूटर चढता मा?" स्कूटरला इंजिन असतं, मला दोन दंड! शेवटी खळ्याच्या कडेने, तुळशीला वळसा घालून तीस फूट झाला. पावसात शेवाळ धरतं म्हणून सिमेंटवर आडव्या रेघा मारून घेतल्या. राहिला उंबरठा. तो काढायला आई तयार नव्हती. "उंबरो काढू नको रे झिला, तेच्या वरसून फळी घाल." सुताराने दोन्ही बाजूंनी उतरती फळी केली. उंबरठाही राहिला, मीही आत आलो. आता त्या रॅम्पवरून सिलेंडर येतो, नारळाचे कट्टे येतात, शेजारची म्हातारी काठी टेकत येते. स्कूटरही येते अर्थात.

घराबाहेर मात्र सुतार पुरत नाही, कायदा लागतो. तो आहे. १९९५ चा झाला, मग २०१६ चा जास्त व्यापक झाला. पण नियमांमध्ये 'करावे' आणि 'करायलाच हवे' यांचा घोळ होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तोच घोळ पकडला. सुगम्यतेचे किमान निकष नुसते सल्लावजा चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत, असं सांगितलं. यातला फरक कळायला एसटीचं उदाहरण पुरे. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या लालपरीच्या दाराशी ज्या उंच पायऱ्या आहेत, त्यात सवलत नाही. चढताच आलं नाही तर पाऊण तिकीट माफ होऊन उपयोग काय? सवलत देणं सोपं, कारण तिच्यासाठी काही तोडावं-बांधावं लागत नाही.

असो. उपदेश पुरे, एक काम सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी टेप घ्या आणि आपल्या पंचायतीची, शाळेची, दवाखान्याची पायरी मोजा. किती इंच भरते ते कागदावर लिहा आणि सभेत तेवढे फूट मागा. दहा फुटांवर तडजोड करू नका.