पोथीचा धनी कोण?

कासुर्डीसारख्या गावात श्रावणात पोथी वाचली जाते, तेव्हा तिचा धनी कोण हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. पोथी ऐकणाऱ्या साऱ्यांची. पण तीच छापून विक्रीस मांडली की धनी निघतात, आणि तंटेही निघतात.

असा एक तंटा मुंबई हायकोर्टात झाला. 'व्रतराज' हा व्रतवैकल्यांचा जुना संस्कृत ग्रंथ. १८८४ मध्ये मुंबईतील एका ग्रंथविक्रेत्या पेढीने तो पंडितांकडून नव्याने लावून घेतला. अन्य ग्रंथांतील वचने घातली, तळटीपा जोडल्या. दोन वर्षांनी दुसऱ्यांची आवृत्ती निघाली. तीत तीच वचने आणि त्याच जागी त्याच टीपा! प्रतिवादी म्हणाले, यात नवे ते काय? 'गंगाविष्णु श्रीकिसनदास विरुद्ध मोरेश्वर बापूजी हेगिष्टे' या नावाने नोंदलेल्या या खटल्याचा निकाल १८८९ चा. त्याचे सार असे की, मूळ ग्रंथ कोणीही छापावा. मात्र नव्या मांडणीचे श्रम ज्याचे, त्या मांडणीवरचा हक्क त्याचा. दुसऱ्याने मूळ साधनांकडे जावे. शेजाऱ्याचे पान उतरवून घेऊ नये.

त्या वेळी येथे १८४७ चा कायदा चालू होता. त्याची परंपरा मात्र विलायतेतली. तेथे १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकाला चौदा वर्षांचे, आणि त्यानंतर लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचे संरक्षण दिले. लंडनचे बडे ग्रंथविक्रेते तरीही आपला हक्क निरंतरच मानीत. एडिंबरोच्या अलेक्झांडर डोनाल्डसनने स्वस्त आवृत्त्या काढून त्यांना आव्हान दिले. टॉमसन कवीच्या 'सीझन्स'वरून पेटलेल्या वादात १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निरंतर हक्क नाकारला.

शेतकऱ्याला यातला भेद समजावून सांगायला नको. वतन पिढ्यान्‌पिढ्या चाले. खंडाची मुदत मात्र संपते. ग्रंथावरचा हक्क हे वतन नव्हे, तो मुदतीचा खंड आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ठरविली. १९९२ मध्ये ती साठ झाली.

हक्क अगदीच नसेल, तर जुन्या प्रती ताडून पाठ शुद्ध करणारा शास्त्री उपाशी राहील. तो कधीच सरला नाही, तर गरिबाच्या मुलाच्या हाती पुस्तक येणार नाही. म्हणून आधी शास्त्र्याचे श्रम राखायचे, आणि मुदत सरली की पोथी पुन्हा ऐकणाऱ्यांच्या स्वाधीन करायची, हाच त्यातला न्याय होय.