शिळाछाप, जस्तछाप आणि नकाशाची साक्ष
शिळाछापात मूळ नकाशा पुष्कळदा दगडावर हातानेच उलटा उतरवावा लागे. त्यामुळे नक्कल करणाऱ्याची चूक छापात शिरे. बायक्रोमेट मिसळलेला लेप उजेडाने कठीण होतो, या गुणावर प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये दगडावर छायाचित्र छापण्याची रीत सिद्ध केली. १८६० च्या सुमारास साउदॅम्प्टनच्या मोजणी कचेरीत हेन्री जेम्स यांनी तिला जस्ताच्या पत्र्याची जोड दिली. अंधाऱ्या खोलीत तयार केलेल्या कागदाचा उजेड न लागलेला भाग शाईसह धुऊन जाई. उरलेली रेघ पत्र्यावर दाबीत. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात हीच प्रक्रिया टिकून आहे. तथापि म्हसावदसारख्या गावाचा असा नकाशा पुरावा म्हणून घेताना अभ्यासकाने विवेक राखावा : कॅमेरा रेखनाशी इमान राखतो, भूमीशी नव्हे, मोजणीतील चूकही तो तितक्याच निष्ठेने छापतो.