डेम्लो संख्या आणि देवळालीचे मास्तर

आमच्या पोखर्णीस रेल्वेचें स्थानक आहे, आणि गाडीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग आम्हां गांवकऱ्यांस नित्य येतो. अशाच एका स्थानकाचें नांव गणितांत कायमचें शिरलें आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. जी. आय. पी. रेल्वेवरील ‘डेम्लो’, म्हणजे आजची डोंबिवली. तेथें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांस कांहीं संख्यांची कल्पना सुचली व त्यांनीं त्या संख्यांस स्थानकाचेंच नांव दिलें.

त्यांपैकीं एक अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांचा वर्ग होय. पाटीवर गुणाकार मांडून पाहावा. एकेक घर डावीकडे सरकत नऊ ओळी पडतात. उभ्या बेरजा एकापासून नवापर्यंत चढतात व तशाच उतरतात. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एकांचा वर्ग करावा, तर मधल्या घरांत दहा होतात आणि सारी शोभा बिघडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहींसा झाला!

आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. त्या ८१ नें तिला निःशेष भाग जातो, व येणारा भागाकार १५२४१५७८९९७१०४१ हाही १२३४५६७९ चा पूर्ण वर्ग निघतो. आपल्या अंकांच्या बेरजेनें भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, हें नांवही कापरेकरांचेंच. तीं नांवें ठेवण्याची त्यांची हौस मला फार आवडते.

हा छंद आपल्याकडे नवा नाहीं. नवव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं, महावीराचार्यांनीं ‘गणितसारसंग्रहां’त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी व क्रमानें उतरणारी म्हणून वर्णिली आहे. ती सहा एकांचा वर्ग होय.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. १९२९ त ते बी. एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पुढील पदवी नाहीं, विद्यापीठांत जागा नाहीं. सबब अनेक गणितज्ञ त्यांच्या कामास पोरखेळ समजत. ६१७४ या प्रसिद्ध संख्येचा गुण त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या परिषदेंत मांडला, तरी ही समजूत पालटली नाहीं. त्या मंडळींचा आक्षेप अगदींच खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. या संख्यांनीं कोणताही मोठा सिद्धांत उभा केलेला नाहीं. परंतु चौथीच्या मुलाला कळेल आणि मोठ्यालाही थांबवून ठेवील असें गणित किती जणांनीं दिलें?

निवृत्तीनंतर वेतन पुरेना, तेव्हां मास्तर शिकवण्या करूं लागले. अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्यावर लिहिलें. त्या वेळीं कापरेकर सत्तर वर्षांचे होते.