नांव कोणीं ठेवावें?

मुलाचें नांव ठेवणें ही आम्ही केवळ घरगुती बाब समजतों. आत्येनें बाळाच्या कानांत कुर्र करावें, बायकांनीं पाळणा म्हणावा, घुगऱ्या वांटाव्या आणि आजोबांचें नांव नातवास मिळावें, एवढ्यांत आमचें बारसें आटोपतें. या समारंभांत सरकारास किंवा धर्मसभेस कांहीं बोलावयाचें असेल अशी शंकाहि कोणाच्या मनास शिवत नाहीं. परंतु युरोपच्या इतिहासांत असा एक काळ होऊन गेला कीं, तेव्हां एका तान्ह्या मुलाच्या नांवावरून भर प्रार्थनामंदिरांत गलबला माजला आणि नगरसभेस कायदा करावा लागला.

२६ ऑगस्ट १५४६ रोजीं जिनीव्हा शहरांतील आमी शापुई नांवाचा एक न्हावी आपल्या नवजात मुलास बाप्तिस्म्यासाठीं घेऊन गेला. त्याला मुलाचें नांव 'क्लोद' असें ठेवावयाचें होतें. धर्मोपदेशकानें त्याचें म्हणणें बाजूस सारून 'अब्राहाम' असें नांव उच्चारलें. शापुईनें मूल परत हिसकावून घेतलें. मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत आपण त्यास असाच ठेवूं, मग तो आपलें नांव आपणच निवडील, असें त्यानें सर्वांसमक्ष बजावलें. या उद्धटपणाबद्दल त्यास तुरुंग पाहावा लागला. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कोणतीं नांवें ठेवूं नयेत याची यादीच नगरसभेनें कायदा म्हणून मंजूर केली.

क्लोद या नांवाचा दोष तो काय? जिनीव्हापासून फार दूर नसलेल्या जुरा पर्वतांत संत क्लोदचें स्थान होतें. तेथें यात्रेकरू जात, नवस फेडीत आणि घरीं परतल्यावर मुलांस त्या संताचें नांव ठेवीत. १५३६ सालीं जिनीव्हानें धर्मसुधारणेचा स्वीकार केला, तेव्हां ही संतपूजा मूर्तिपूजेंत जमा झाली. ज्या संताचा उत्सव बंद केला त्याचेंच नांव घरोघर पाळण्यांत कां नांदूं द्यावें, असें कॅल्व्हिन व त्याचे सहकारी यांस वाटे. म्हणून तें नांव वर्ज्य ठरलें. बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांस लोकांनीं चिकटविलेलीं नांवें वर्ज्य ठरलीं. 'येशू' व 'इमानुएल' हीं तर केवळ ईश्वराचीं म्हणून मनुष्यास निषिद्ध झालीं.

यांतील शेवटची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष चमत्कारिक वाटेल. ईश्वराचें नांव मुलास ठेवणें हा जिनीव्हांत अपराध, आमच्याकडे तो पुण्यसंचय! मरणसमयीं मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारणारा अजामिळ त्या एका हाकेनें तरला, ही कथा आम्हीं आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. आमच्या समजुतीप्रमाणें नांव घेतल्यानें देव जवळ येतो. त्या सुधारकांच्या समजुतीप्रमाणें नांव वांटल्यानें देव स्वस्त होतो. दोन्ही मतांच्या मुळाशीं नांवाविषयींचा आदर सारखाच आहे, हें मात्र विसरतां कामा नये.

कायदा निष्फळ झाला असें आम्ही म्हणत नाहीं. थोड्याच वर्षांत क्लोद हें नांव त्या शहरांतून बहुतेक मावळलें आणि जुन्या करारांतील नांवें रूढ झालीं. पण त्या न्हाव्याचा राग अब्राहामावर खासच नसावा. तो पुरुष त्यासहि पूज्यच होता. धर्मोपदेशक बहुतेक फ्रान्सांतून आलेले, क्लोद हें नांव त्या मातींतलें, आणि निवड बापाच्या हातून काढून घेतलेली; त्या भांडणाचें मूळ येथें आहे. हुकुमानें नांव बदलतें, परंतु बापाचें त्या नांवाशीं नातें जुळत नाहीं. तें कसें जुळतें हें पाहण्यासाठीं आपणांस इंग्लंडांतून थेट अमेरिकेपर्यंत जावें लागेल.

मेरी राणीच्या अमदानींत, म्हणजे १५५३ ते १५५८ या काळांत, छळास भिऊन इंग्लंडांतून पळालेले कांहीं विद्वान् जिनीव्हांत येऊन राहिले होते. त्यांनीं केलेलें बायबलचें इंग्रजी भाषांतर १५६० सालीं तेथेंच छापलें गेलें. त्याच्या अखेरीस जुन्या करारांतील नांवांची अर्थासह एक यादी जोडलेली होती, आणि आईबापांनीं मुलांसाठीं अशींच नांवें पसंत करावीं असा उपदेश तिच्या आरंभीं केला होता. जें जिनीव्हांत कायद्यानें लादलें गेलें, तें इंग्लंडांत अशा रीतीनें पुस्तकाच्या रूपानें लोकांच्या घरीं गेलें. प्यूरिटन कुटुंबांतून विल्यम, रॉबर्ट यांच्या जोडीस सॅम्युएल, जोसेफ, नॅथॅनिएल हीं नांवें येऊं लागलीं. कोणी याहूनहि पुढें गेले. लंडनच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्याचें नांवच 'देवाची स्तुति कर' अशा अर्थाचें होतें, आणि १६५३ च्या पार्लमेंटास लोक थट्टेनें त्याच्या आडनांवानें ओळखीत. समुद्रापलीकडे न्यू इंग्लंडांत वसाहत करणाऱ्या प्यूरिटनांनीं हीच चाल आपल्याबरोबर नेली.

बोस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल हा त्यांपैकींच एक. १६७४ पासून १७२९ पर्यंत त्यानें लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. तिच्यामुळें एका बापाच्या मनांत नांव ठेवतांना काय चाललें होतें हें आपणांस दिसूं शकतें. त्याला पहिल्या पत्नीपासून चौदा अपत्यें झालीं. त्यांतील निम्म्याहून अधिक मोठीं झालींच नाहींत. १६८५ ते १६८७ या अवधींत तर त्याचे तीन मुलगे लागोपाठ गेले. आमच्याकडे अशा घरीं पुढच्या मुलास धोंडू किंवा दगडू म्हणतात, कीं काळाची दृष्टि त्यावर पडूं नये. स्यूअलनें मात्र पुस्तक उघडलें. १६८८ च्या ऑगस्टांत पुन्हां मुलगा झाला तेव्हां त्यानें त्याचें नांव जोसेफ ठेवलें, आणि कारण नमूद करून ठेवलें: यहेज्केल संदेष्ट्याच्या सदतिसाव्या अध्यायांत योसेफ व यहूदा यांच्या दुरावलेल्या शाखा पुन्हां एक होतील असें भविष्य आहे, तें सफळ व्हावें या आशेनें हें नांव ठेवलें, त्या पहिल्या योसेफावांचून दुसऱ्या कोणा आप्तासाठीं किंवा मनुष्यासाठीं नव्हे. १६९४ सालीं मुलगी झाली, तेव्हां मेहेताबेल कीं सारा असा त्यास संभ्रम पडला. नव्या करारांतील पत्रांतून सारेचा उल्लेख कसा गौरवानें आला आहे हें पाहून त्यानें सारा हें नांव कायम केलें.

ही सारा दोन वर्षांची होऊन १६९६ च्या डिसेंबरांत वारली. सेलेम गांवीं १६९२ सालीं चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसें फांशीं गेलीं. त्या न्यायासनावर बसलेल्यांपैकीं स्यूअल हा एक होता. मुलीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीं वडील मुलानें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांतील कांहीं भाग बापापुढें म्हणून दाखविला. 'यज्ञ नको, दया हवी' हा अर्थ ज्यांस कळला त्यांनीं निरपराध्यांस दोषी ठरविलें नसतें, अशा आशयाचें वचन त्यांत आहे. तें ऐकतांच सेलेमची आठवण आपल्यापुढें भीषणपणें उभी राहिली असें स्यूअलनें लिहिलें आहे. पुढील महिन्यांत, १४ जानेवारी १६९७ रोजीं, तो भर प्रार्थनासभेंत उभा राहिला आणि त्याच्या अपराधाची कबुली धर्मोपदेशकानें सर्वांसमक्ष वाचून दाखविली. ज्या पुस्तकांतून त्यानें मुलांचीं नांवें घेतलीं होतीं, त्याच पुस्तकानें त्याला पकडलें.

आणखी तीन वर्षांनीं, १७०० सालीं, स्यूअलनें गुलामगिरीविरुद्ध एक छोटी पुस्तिका छापली. तिचें नांव 'योसेफाची विक्री'. बायबलांत योसेफास त्याचेच भाऊ वीस रुप्याच्या नाण्यांस विकतात. सर्व माणसें आदामाचीं लेंकरें असल्यामुळें स्वातंत्र्याचा वारसा सर्वांचा सारखाच, असें स्यूअलचें प्रतिपादन. घरांत अकरा वर्षांचा जोसेफ वावरत असतां बापानें हें लिहिलें. दोन्ही नांवें एक असणें हा योगायोगहि असेल. पण मुलाचें नांव रोज तोंडीं असणाऱ्या बापास ती कथा परकी राहिली नाहीं, असें आम्हांस वाटतें. स्यूअल सर्वस्वीं निर्मळ होता असें मात्र नव्हे. आफ्रिकेचे लोक आपल्या समाजांत कधींच मिसळूं शकणार नाहींत असें त्याच पुस्तिकेंत त्यानें म्हटलें आहे.

या वादांतील गुलामाचें नांवहि बायबलांतलेंच होतें: आदाम! सात वर्षांनीं मुक्त करूं, असें वचन जॉन सॅफिन नांवाच्या त्याच्या धन्यानें १६९४ सालीं दिलें होतें. मुदत भरल्यावर त्यानें तें मोडलें आणि स्यूअलच्या पुस्तिकेस उलट उत्तर छापलें. सर्व मानवजातीच्या मूळपुरुषाचें नांव घेऊन रोज हाक मारावी आणि त्या मनुष्यास आपली मालमत्ता म्हणावें, यांत त्या धन्यास कांहींच विसंगत दिसलें नाहीं. १७०३ सालीं न्यायालयानें आदामास मुक्त केलें.

कालांतरानें हीं नांवें पुस्तकांतून घरांत आलीं तशीं घरांतच राहिलीं, आणि पुढें तीं पूर्वजांचीं म्हणूनच ठेवलीं जाऊं लागलीं. १८०९ सालीं केंटकींत जन्मलेल्या एका मुलास अब्राहाम हें नांव मिळालें तें आजोबांचें म्हणून. आमच्या बारशाचीच ही रीत. तो मुलगा म्हणजे लिंकन. ज्या नांवावरून जिनीव्हाच्या न्हाव्यानें मूल हिसकावून घेतलें, तेंच येथें प्रेमानें नातवास दिलें गेलें.

असो. कोणत्या ग्रंथांतून नांव घ्यावें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु उपदेशकानें लादलेलें नांव, धन्यानें तोंडीं घोळविलेलें नांव आणि बापानें विचार करून दिलेलें नांव, यांत अंतर आहे तें एवढेंच कीं, शेवटच्यानें आपण स्वतः त्या नांवाचें ओझें उचललें. नांव मुलाचें असतें खरें. पण तें पाळावयाचें असतें ठेवणारानें.