चेरीतालातून व्हाइटहॉल

जबलपुरातील तळ्यांविषयी एक जुनी आख्यायिका आहे. राणी दुर्गावतीने बांधविले ते रानीताल, तिच्या दिवाणाने, अधारसिंहाने, बांधविले ते अधारताल आणि तिच्या चेरीने, म्हणजे दासीने, बांधविले ते चेरीताल. दासीचे नाव मिरविणाऱ्या या दाट वस्तीत आम्हां एका निवृत्त मराठी सरकारी नोकराचे बिऱ्हाड आहे, आणि गेल्या पावसाळ्यात येथे बसून आम्ही ‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश मालिका पुरती पाहिली.

पाहण्यापेक्षा शोधण्यातच अधिक दिवस गेले. इंटरनेटवरून मालिका पुरविणाऱ्या सेवा पुष्कळ. पण प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक निराळे आणि मुदतीचे. करार सरला की मालिका यादीतून नाहीशी होते. विलायतेतल्या भाच्याला जे सहज दिसते ते येथे दिसेलच असे नाही. नातवाने पहिले पर्व एकीकडे मिळविले. पुढच्यासाठी दुसरीकडे वर्गणी भरावी लागली. हरवलेली फाईल हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्यालाच ही चिकाटी साधावी.

बीबीसीने ही मालिका 1980 ते 1984 या काळात दाखविली. ‘येस, प्राइम मिनिस्टर’ हा तिचा उत्तरार्ध 1986 ते 1988 मधला. एकूण भाग 38. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. मंत्री जिम हॅकर काही बदलू पाहतो आणि कायम सचिव सर हम्फ्री अ‍ॅपलबी आपल्या लांबलचक वाक्यांच्या आडोशाने ते होऊ देत नाहीत, एवढेच कथानक. रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्याच्या रोजनिशीचा लेखकांना मोठा आधार होता. ती छापली जाऊ नये म्हणून 1975 साली ब्रिटिश सरकार न्यायालयात गेले आणि हरले, हे ध्यानी घेतले म्हणजे हा विनोद हवेतला नव्हे हे पटते.

आम्हांला मात्र या सर हम्फ्रींचा चेहरा पहिल्याच भागात ओळखीचा वाटला, आणि त्याला इतिहासाचे कारण आहे. गुणवत्तेवर निवडलेली कायम नोकरशाही असावी, हा नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन यांचा अहवाल 1854 सालचा. ट्रेव्हेल्यन पूर्वी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होता. मेकॉलेची बहीण त्याची पत्नी. पण खुली स्पर्धा-परीक्षा आधी सुरू झाली ती हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी, 1855 मध्ये. खुद्द इंग्लंडच्या बहुतेक खात्यांत ती 1870 नंतर आली. म्हणजे या घराण्यात आपलीच शाखा वडील!

मग आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला. “अडतीस भाग झाले, या गृहस्थांची एकदाही बदली कशी झाली नाही?” आम्ही निरुत्तर झालो. नोकरीत आठ गावे आणि मुलांच्या अकरा शाळा त्यांनी मोजल्या होत्या. व्हाइटहॉलमध्ये मंत्री येतात-जातात, सचिव राहतो. म्हणूनच त्याला नकार देणे परवडते. आमच्याकडे नकार देणाऱ्याचे सामान आधी बांधले जाते. एकदा तोंडी आलेला हुकूम आम्ही लेखी मागितला, आणि महिन्याभरात नव्या गावचे घर शोधीत होतो. त्यानंतर पुन्हा कधी लेखी मागितले नाही. हे सांगताना आजही अभिमान वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सनदी अधिकाऱ्यांना किमान मुदत असावी आणि तोंडी हुकूम लेखी नोंदले जावेत, असे बजावले. 2014 मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेच्या नियमांत दोन वर्षांची किमान मुदत आलीही. आम्ही त्याआधीच निवृत्त झालो होतो.

आता नातू ‘जी मंत्रीजी’ शोधीत आहे. याच मालिकेचा हा हिंदी अवतार 2001 साली स्टार प्लसवर आला होता. मंत्री फारुख शेख. त्यात तरी सचिवाची बदली होते का, हे सौभाग्यवतींना पाहावयाचे आहे.